कंट्रोलरने बंद केलं तरी एसएसआर हीटर चालूच ठेवतो

भोसरी_ओव्हन:
नमस्कार. वाळवणीचा (ड्रायिंग) ओव्हन आहे, सिंगल फेज 230 व्होल्ट, हीटर 3 किलोवॉट. पीआयडीचा (तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा) 12 व्होल्ट डीसी आउटपुट 25 अँपिअरच्या एसएसआरला (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जातो. थोडे दिवस नीट चालतं, मग आउटपुट बंद असूनही हीटर तापतच राहतो. करंट तर 13 अँपिअरच आहे. एसएसआर पॅनेलच्या रंगवलेल्या पत्र्यावर बसवलाय. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या बाजारातून 40 अँपिअरचा आणला तर भागेल का?

पॅनेल_वायरिंग:
नाही भागणार. चालू असताना एसएसआरच्या आतल्या थायरिस्टरवर (करंट सोडणारा सेमिकंडक्टर) साधारण सव्वा व्होल्ट ड्रॉप पडतो, म्हणजे 13 अँपिअरला 16 वॉट उष्णता. वर छापलेले 25 अँपिअर योग्य हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) धरून असतात. हीटसिंकशिवाय तोच एसएसआर 4-5 अँपिअरच्या पुढे नेऊ नये, आणि रंगाचा थर उष्णता अडवतो.
वॉटमागे 1.5 अंश किंवा त्याहून कमी असा हीटसिंक घ्या. तापमान 24 अंशांनी वाढेल. एप्रिलमध्ये पॅनेलच्या आत 50 धरलं तर 74, चालेल. हीटसिंकच्या पात्या उभ्या ठेवा, वर-खाली हवेला जागा सोडा. एसएसआर आणि हीटसिंकमध्ये थर्मल पेस्टचा थर अगदी पातळ. लोडच्या (हीटरच्या) तारांचे स्क्रू घट्ट आवळा, सैल लगही (तारेच्या टोकाची टोपी) एसएसआर जाळतो.

इन्स्ट्रुमेंटेशन_चिंचवड:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. एसएसआर जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो, म्हणजे कायम चालूच राहतो. म्हणून सिरीजमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) हवाच आणि त्याच्या कॉइलला वेगळा हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तापमान मर्यादेबाहेर गेलं की तोडणारा), स्वतःच्या सेन्सरचा, हाताने रीसेट होणारा. पीआयडीच्या अलार्मवर विसंबू नका. थर्मोकपल (कंट्रोलरचा तापमान सेन्सर) जागेवरून निसटलं तर कंट्रोलर आणि अलार्म दोघंही फसतात.
हीटर शॉर्ट झाला तर एमसीबी (पॅनेलमधला सर्किट ब्रेकर) एसएसआरला सहसा वाचवू शकत नाही. झटकन उडणारा सेमिकंडक्टर फ्यूज लावा, त्याचा आय-स्क्वेअर-टी (उडेपर्यंत पार होणाऱ्या करंटचं माप) एसएसआरपेक्षा कमी हवा. सर्जसाठी (व्होल्टेजच्या अचानक उसळीसाठी) आउटपुटला 275 व्होल्टचा एमओव्ही (ती उसळी शोषणारा भाग).

भोसरी_ओव्हन:
हीटसिंक आणि कॉन्टॅक्टर दोन्ही लावतो. पण नवा एसएसआर टेबलावर तपासला, लोड न जोडता. इनपुट नसतानाही मल्टिमीटर आउटपुटला 200 व्होल्टच्या वर दाखवतो. खराब आलाय का?

पॅनेल_वायरिंग:
तेवढ्यावरून खराब म्हणता येत नाही. आतल्या स्नबरमधून (व्होल्टेजचे झटके मऊ करणारं सर्किट) काही मिलिअँपिअर गळती असते, मल्टिमीटरला तेवढी पुरते. 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब लोड म्हणून जोडा. इनपुट नसताना विझलेला, इनपुट दिल्यावर पूर्ण पेटला तर एसएसआर ठीक. मात्र या गळतीमुळे बंद एसएसआरच्या पुढच्या तारेलाही शॉक बसतो, म्हणून हीटरला हात लावण्याआधी दोन्ही पोल तोडणारा एमसीबी खाली करा.