सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर: मधलं बोट सोलतंय, गोळ्या वर लागताहेत

बोरीकाठचा नाना (अमळनेर):
मंडळी, नमस्कार. मुलगा टेक्सासात असतो, आम्हा दोघांनाही ग्रीन कार्ड आहे. दिवाळी झाली की तिकडे, पेरणीच्या आत गावी, असं चालतं. मुलाकडे १८७३ च्या कोल्टच्या घाटाचं .४५ चं सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर आहे, म्हणजे दर बाराला मागचा घोडा (हॅमर) हाताने ओढायचं. फिक्स साइटवालं, नेमाच्या खुणा हलवता येत नाहीत. त्याच्यासोबत रेंजवर जातो. थोडे बार झाले की ट्रिगर गार्डची (चापाभोवतीच्या कडीची) मागची कड मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटते, कातडी निघते. करंगळीला तर मुठीवर जागाच उरत नाही. आणि दहा यार्डांवरसुद्धा गोळ्या मधल्या ठिपक्याच्या वर. मुलगा म्हणतो, घट्ट धरा. घट्ट धरलं की हात थरथरतो. वय ६३, पंजा मोठा. धरायचं कसं? आणि दिवाळीपर्यंत गावीच आहे, तर इथे बसून काही सराव होईल का?

माजी हवालदार, वरणगाव:
नाना, जय हिंद. हात जाईल तितका वर न्या, अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मागे घट्ट रुतवा, दोन्ही अंगठे पुढे सरळ. हात जेवढा वर तेवढी नळी कमी उडते. ९ एमएमवर नव्या पोरांना हेच शिकवलं आयुष्यभर.

केळीवाला, फैजपूर:
हवालदारसाहेब, पिस्तुलाला तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. या हत्याराला ते लावू नका, नानांचं बोट त्यानेच सोललं जातंय.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं ॲरिझोनात होतो, तिथल्या क्लबात हेच हत्यार चालवायचो. आता केळी आणि करपा, एवढंच चालू आहे. असो.

नाना, या रिव्हॉल्व्हरची मूठ रुमण्यासारखी वाकलेली असते, ती उगाच नाही. बार झाला की हत्यार सरळ मागे न येता हातातल्या हातात वर फिरतं. झटक्याचा बराच भाग त्या फिरण्यात जातो, शिवाय हॅमर आपोआप अंगठ्याजवळ येतो, कारण दर बाराला तो हाताने ओढायचा असतो. तुम्ही हात पार वर खुपसून करकचून आवळला की फिरायला वाट राहत नाही. मग गार्ड बोटावर येतो. ते फिरून राह्यलं तर फिरू द्या भो.

म्हणून पंजा जरा खाली घ्या. मधलं बोट आणि गार्डची मागची कड यांच्यात पेन्सिलभर फट हवी. बेचकं मुठीच्या मागच्या बाजूला मधोमध, म्हणजे नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतात. पंजा एका बाजूला कलला की झटका अंगठ्याच्या सांध्यात जातो आणि संध्याकाळी ताटातला घास उचलताना कळतं.

जोर कुठे द्यायचा? मधलं बोट आणि अनामिका, यांनी मूठ सरळ मागे तळव्यात ओढायची. दोन्ही बाजूंनी चिमटायची नाही, चिमटलं की थरथर सुरू. आवळायचं काम डाव्या हाताला द्या: उजव्या बोटांवरून डावी बोटं गुंडाळा आणि तो हात उजव्यापेक्षा घट्ट ठेवा. उजवा जितका मोकळा, तितका चाप स्वच्छ ओढला जातो. तर्जनीचं टोक चापावर ठेवा, सांधा नको.

करंगळीवर भांडणं होतात. मोठ्या पंजाच्या लोकांनी ती मुठीच्या बुडाखाली दुमडायची, ही जुनी रीत आहे आणि मला ती पटते. हत्यार खालून टेकतं आणि दर वेळी पंजा त्याच उंचीवर बसतो. काहींना ते जमत नाही, जोर कमी वाटतो. त्यांनी जाड किंवा लांब मूठ बसवून घ्यावी, किंवा बिस्लीच्या घाटाची. इंग्लंडातल्या बिस्लीच्या नेमबाजी मैदानावरून नाव पडलेलं ते मॉडेल कोल्टने १८९४ मध्ये काढलं. त्याची मूठ जास्त उभी, हातात कमी फिरते. एक मात्र बघा, टेबलावर हात टेकवून मारताना करंगळी खाली दुमडू नका, चेचली जाते.

हॅमर डाव्या अंगठ्याने ओढा. उजव्याने ओढायला गेलं की दर बाराला पकड सुटते आणि पुन्हा नव्याने बसते. आणि हे कधीही विसरू नका: डाव्या हाताचं एकही बोट सिलिंडरच्या (काडतुसांच्या फिरत्या चक्राच्या) पुढे जाता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्या मधल्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण आडवे उडतात. हवालदारसाहेबांचे ते पुढे सरळ केलेले अंगठे इथे नकोत. उजवा अंगठा खाली वाकवून डाव्या हाताला टेकवा.

आता वर लागणाऱ्या गोळ्या. गोळी नळीतून सुटायच्या आधीच नळी उचलायला लागलेली असते, त्यामुळे पकड बदलली की गोळीची जागाही बदलते. जड, मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते, ती वर लागते. हलकी, वेगवान खाली. म्हणून आधी काडतूस एकच ठरवा, सौम्य भाराचं, मग पकड एकच ठरवा, आणि मगच नेमाला नावं ठेवा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मात्र कानशीने घासू नका. माशी जितकी बुटकी, तितकी गोळी आणखी वर.

आणि चाप ओढल्यावर लगेच मान वर करून कागद बघू नका. या हत्याराचा हॅमर जड, पल्ला लांब. तो पडेपर्यंत जे हलेल, ते कागदावर दिसेल.

गावच्या सरावाचं म्हणाल तर जवळच्या शहरात एअर पिस्तुलाची रेंज असेल तर जा. ते दहा मीटरचं, एका हाताने मारायचं, झटका जवळजवळ नाही. म्हणजे ही पकड तिथे शिकायला मिळणार नाही. पण चाप आणि माशी शिकाल, आणि निम्मा नेम तिथेच आहे.

पांझराकाठ, धुळे:
भाऊ, झकास सांगं. माझ्याकडे परवान्याचं कानपूरचं .३२ आहे. त्याचा हॅमर मागे ओढूनही मारता येतं. मग मीसुद्धा असंच सैल धरू?

केळीवाला, फैजपूर:
नाही. तुमचं वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या घाटाचं, मधून मोडून भरायचं. मूठ वेगळी, झटका कमी. हॅमर आधी ओढल्याने फक्त चाप हलका होतो, मुठीचा आकार थोडाच बदलतो? तुम्ही हवालदारसाहेबांचं ऐका, हात वर आणि घट्ट. फक्त अंगठे पुढे काढू नका, सिलिंडरची फट तुमच्याही हत्याराला आहे.

माजी हवालदार, वरणगाव:
आमची पकड पिस्तुलाची, मान्य. पण सैल धरा असं नव्या माणसाला सांगू नये, तो खरंच सैल धरतो आणि हत्यार कपाळावर येतं. मनगट आणि कोपर ताठ हवं, हे लिहायचं राहिलं तुमचं.

केळीवाला, फैजपूर:
बरोबर. मनगट ताठच. फिरायचं ते तळव्यात, मनगटात नाही.

तापीपलीकडचा:
वाचणाऱ्या इतरांसाठी: नानांचं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक. नुसत्या टुरिस्ट व्हिसावर गेलेल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असे थोडे अपवाद आहेत. मुलाची आहे, रेंजवर आहे, म्हणून चालतं असं समजून हातात घेऊ नका. आधी तिथल्या वकिलाला विचारा.

बोरीकाठचा नाना (अमळनेर):
सगळ्यांचे आभार. रात्री मुलाला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. पेन्सिलभर फट त्याला पटली, कारण त्याचा पंजा लहान, त्याला हा त्रास कधी झालाच नाही. एक विचारायचं राहिलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरचा काडतुसावर आपटणारा पिन हॅमरलाच जोडलेला आहे, आणि तो सहाच्या सहा भरून ठेवतो. चालतं ना?

केळीवाला, फैजपूर:
नाही चालत. त्याला परत फोन लावा, आजच. तो पिन खालच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, हत्यार हातातून पडलं तर बार होऊ शकतो. पाचच भरायचे: एक भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण मागे ओढा आणि धरून सावकाश खाली सोडा. तो रिकाम्या घरावर येतो. रुगर कंपनीने १९७३ पासून आपल्या सिंगल-ॲक्शनमध्ये चाप ओढला तरच हॅमर आणि पिन यांच्या मध्ये येणारी पट्टी बसवली, तिथे सहा भरले तरी चालतं. तुमच्या मुलाच्या हत्यारात ती पट्टी नाही. हे सगळं करताना नळी कायम मातीच्या बांधाकडे.