‘कोईव्हल’ : समवयस्क की समकालीन?

प्रश्न : इंग्रजी ‘कोईव्हल’साठी (coeval, म्हणजे एकाच वयाचा) मराठीत ‘समकालीन’ लिहिलं की ‘कन्टेम्पररी’शी गल्लत होते. मग नेमका शब्द कोणता?

उत्तर : उच्चार को-ई-व्हल, आघात ‘ई’वर. लॅटिन ‘एव्हम’ म्हणजे वय, युग. संस्कृत ‘आयुस्’ त्याचाच भाऊबंद. ‘लाँजेव्हिटी’तही (दीर्घायुष्य) तोच ‘एव्हम’ आहे. म्हणजे शब्दाच्या पोटात वय आहे. ‘कन्टेम्पररी’च्या पोटात ‘टेम्पस’, म्हणजे नुसता काळ.

गॅलिलिओ आणि शेक्सपिअर दोघेही १५६४ साली जन्मले, म्हणून ते कोईव्हल. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त १५९६चा, गॅलिलिओ १६४२मध्ये वारला, तोवर दोघांचा काळ एकच होता. ते समकालीन खरे, पण बत्तीस वर्षांच्या अंतरामुळे समवयस्क नव्हेत. माणसांपुरता ‘समवयस्क’ अगदी चपखल बसतो.

पुरवणी : खरी अडचण निर्जीव वस्तूंची आहे, आणि इंग्रजीत हा शब्द जास्त भेटतो तो तिथेच, भूशास्त्रात आणि खगोलशास्त्रात. तारकागुच्छातले तारे एकाच वायुमेघातून जवळजवळ एकाच सुमारास जन्मतात, म्हणून कोईव्हल. कृत्तिका हा असाच एक गुच्छ, त्याचं वय साधारण १० कोटी वर्षं. वय सारखं असलं तरी अवस्था सारखी नसते, कारण जड तारा इंधन लवकर संपवतो. कोणत्या वस्तुमानापर्यंतचे तारे म्हातारे झाले ते पाहूनच गुच्छाचं वय काढतात. इथे ‘समकालीन’ लिहिलं तर या युक्तिवादाचा पायाच निघून जातो, कारण आज आकाशात असलेले सगळेच तारे एका अर्थी समकालीन आहेत. ‘समवयस्क तारे’ खुशाल लिहावं. खडकांबाबत मात्र कान अडखळतो. तिथे ‘एकाच काळात तयार झालेले खडक’ असं सरळ लिहिलेलं बरं.

प्रश्न : आणि ‘पीअर’ (peer)? त्यालाही ‘समवयस्क’ चालेल का?

उत्तर : त्यात बरोबरी आहे, पण ती दर्जाची किंवा गटाचीही असू शकते. ‘पीअर रिव्ह्यू’ करणारा लेखकापेक्षा तीस वर्षांनी मोठा असला तरी चालतो. तिथे ‘समवयस्क’ लिहिणं साफ चूक, ‘समकक्ष’ घ्यावा.

इंग्रजीत लिहिताना ‘कोईव्हल’पुढे ‘विथ’ येतो, ‘टू’ नाही. नाम म्हणूनही तो चालतो, अनेकवचन ‘कोईव्हल्स’. पण बोलताना तो जड वाटतो. दोन मित्र एका वयाचे आहेत एवढंच सांगायचं असेल तर ‘सेम एज’ पुरे.