मदत हवी आहे: अकेडिया नॅशनल पार्कमध्ये मोटारी नसलेला, समुद्राकाठचा खडीचा सायकलमार्ग

नाशिककर_जर्सीत
आम्ही पुढच्या शनिवारी अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला जात आहोत आणि चार दिवस राहणार आहोत. मोटारींची वर्दळ अजिबात नसलेला, खडीचा आणि समुद्राच्या कडेने जाणारा सायकलमार्ग मला हवा आहे. पार्कच्या नकाशावर कॅरेज रोडचे, म्हणजे मोटारींना बंदी असलेल्या खडीच्या जुन्या रस्त्यांचे, इतके फाटे दिसतात की सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. आठ दिवस वाचतो आहे, पण प्रत्येक जण फक्त निसर्गाचे वर्णन करतो. परिसर सुंदर आहे हे मला मान्य आहे. मला मार्ग हवा आहे. सायकली आमच्या स्वतःच्या आहेत. कृपया लवकर सांगावे.

वाटसरू
एवढ्या माहितीवर मार्ग सांगता येणार नाही. किती जण आहात, मुले किती वर्षांची आहेत, टायर किती रुंदीचे आहेत, मुक्काम कुठे आहे आणि दिवसाला किती किलोमीटर झेपतील, हे आधी लिहावे.

जुने_दगड
मार्गाबद्दल इतर जण सांगतीलच, परंतु हे रस्ते कसे झाले ते माहीत असल्याशिवाय तिथे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी १९१३ ते १९४० या काळात हे रस्ते घोडागाड्यांसाठी बांधून घेतले. घराण्याची संपत्ती तेलातून आलेली असूनही, पार्कचा बहुतेक भाग ज्या माउंट डेझर्ट बेटावर आहे त्याच्या अंतर्भागात त्यांनी हे रस्ते मोटारींपासून मुक्त ठेवले. पार्कच्या हद्दीत असे ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर रस्ते आहेत. फोडलेल्या दगडाचे तीन थर, मध्यभागी किंचित फुगवटा, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर आणि दगडी मोऱ्या अशी रचना असल्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यावर थांबत नाही. दरीच्या बाजूला कठड्यासारखे ओबडधोबड ग्रॅनाइटचे दगड ओळीने रोवले आहेत, त्यांना तिकडचे लोक ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. घोड्यांना दमायला होऊ नये म्हणून चढ लांबवून सौम्य केले आहेत, आणि त्याचा फायदा आज सायकलवाल्यांना मिळतो.

नाशिककर_जर्सीत
इतिहासाबद्दल आभार, पण माझा प्रश्न तो नव्हता. आम्ही चौघे आहोत: मी, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि महिन्यापूर्वी नाशिकहून आलेले माझे वडील. त्यांचे वय ६८ आहे, त्यांच्यासाठी ई-बाईक घेतली आहे. मुक्काम बार हार्बर गावात आहे. माझे टायर २८ मिलिमीटरचे आहेत, मुलाच्या सायकलचे मला माहीत नाहीत. हे सगळे विचारावे लागेल असे वाटले नव्हते.

सागरकाठी
टायरवरून आमचा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी दहा वर्षांची होती आणि तिच्या सायकलला गुळगुळीत, अरुंद टायर होते. उतारावरच्या वळणावर तिने पुढचा ब्रेक दाबला. वर बारीक कचखडी सुटी पडलेली होती, आणि फरशीवर सांडलेल्या मोहरीवरून पाय सरकावा तसे चाक सरकले. हाड मोडले नाही, पण कोपरात घुसलेले खडे बाटलीच्या पाण्याने एकेक करून काढताना माझे हात थरथरत होते. रस्ते चांगले आहेत, तरी मुलासाठी नक्षीचे रुंद टायर घ्यावेत आणि उतारावर मागचा ब्रेक आधी दाबायला शिकवावे. मेनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे.

वाटसरू
आता सांगता येईल. पहिल्या दिवशी ईगल लेकची फेरी करावी. ती सुमारे १० किलोमीटरची आहे. पूर्वेकडची बाजू पाण्याजवळून जाते, पश्चिमेकडे चढ आहे, पण तो मुलाला झेपेल. ऑगस्टमध्ये तिथला वाहनतळ सकाळीच भरतो. ज्या तळ्याचे पाणी गावाला पिण्यासाठी जाते ते हेच असल्यामुळे त्यात उतरायला मनाई आहे. मुलाला पोहायचे असेल तर इको लेकला न्यावे. दुसऱ्या दिवशी विच होल पाँडची छोटी फेरी करावी. मात्र हल्स कोव्ह येथील माहिती केंद्रापासून सुरुवात केल्यास पहिलाच चढ खडा आहे आणि लहान मुले तिथेच हिरमुसतात.

परंतु मूळ प्रश्नात एक गैरसमज आहे, तो दूर केला पाहिजे. कॅरेज रोड समुद्रकिनाऱ्याने जात नाहीत. ते डोंगरांच्या कुशीतून आणि तळ्यांच्या काठाने जातात. किनाऱ्याला लागून जातो तो पार्क लूप रोड, आणि त्यावर मोटारी असतात.

स्कुडिकप्रेमी
हे अर्धवट उत्तर आहे. अकेडियाचा एक भाग बेटावर नसून मुख्य भूमीवर, स्कुडिक द्वीपकल्पावर आहे. तिथे २०१५ पासून ८.३ मैलांचे, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरचे खडीचे सायकलमार्ग आहेत, मोटारींना तिथे मज्जाव आहे आणि गर्दी बेटाच्या मानाने पुष्कळच कमी असते. उन्हाळ्यात बार हार्बरहून विंटर हार्बरला सायकलींसह बोटीने जाता येते. मी दर वर्षी तिथेच जातो आणि प्रत्येकाने तिथेच जावे असे माझे मत आहे.

वाटसरू
स्कुडिक मलाही आवडते, पण आपण प्रश्न पुन्हा वाचावा. तिथले खडीचे मार्गही बहुतांशी झाडीतूनच जातात. लाटा आपटतात त्या खडकांजवळून जाणारा रस्ता डांबरी आहे आणि त्यावर मोटारी आहेत, एकेरी असल्या तरी आहेतच. शिवाय त्या मार्गांचे चढ कॅरेज रोडपेक्षा तीव्र आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला आणि ६८ वर्षांच्या गृहस्थांना पहिल्याच दिवशी तिथे नेणे मला पटत नाही.

स्कुडिकप्रेमी
एकेरी रस्त्यावर मोटारी संथ चालतात आणि सकाळी लवकर तो जवळजवळ मोकळाच असतो. चढांबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. मग तो दिवस तिसरा ठेवावा.

पहाटफेरी
कॅडिलॅक पर्वतावरून सूर्योदय जरूर पाहावा. मोसमात मोटार वर नेण्यासाठी आधी ऑनलाइन आरक्षण करावे लागते.

नाशिककर_जर्सीत
आम्हाला सूर्योदय नको, मोटारी नसलेला रस्ता हवा आहे. म्हणजे खडीच्या रस्त्यावरून समुद्र दिसणारच नाही, असे समजायचे का?

रानवाटा
दिसेल, पण उंचावरून. डे माउंटनच्या माथ्यापर्यंत कॅरेज रोड जातो. उंची ६०० फुटांच्या आत आहे आणि रस्ता वळसे घेत चढतो. वर पोहोचल्यावर दक्षिणेला क्रॅनबेरी बेटे आणि मोकळा समुद्र दिसतो. तुमच्या मागणीला याहून जवळचे उत्तर बेटावर नाही. पायथ्याशी घोड्यांचे तबेले असल्यामुळे तिथे घोडागाड्या भेटतात. सायकलस्वाराने सर्वांना आधी वाट द्यायची असते. घोड्याच्या मागून जाताना वेग अगदी कमी करून मोठ्याने सांगावे आणि गाडीवानाने होकार दिल्यावरच पुढे जावे. जॉर्डन पाँडच्या दक्षिणेला गेल्यास खासगी जमिनीतल्या रस्त्यांवर सायकल चालवायला बंदी आहे, तिथल्या पाट्या पाहून परत फिरावे.

आता महत्त्वाचे. वडिलांची ई-बाईक पेडल न मारता, नुसते हँडलवरचे थ्रॉटल दाबून पळते का? कॅरेज रोडवर केवळ पहिल्या वर्गाच्या ई-बाईकला परवानगी आहे, म्हणजे पेडल मारले तरच मोटर साथ देते आणि ताशी २० मैलांवर थांबते.

नाशिककर_जर्सीत
थ्रॉटल आहे. वडील ते वापरणार नाहीत, त्यांना पेडलच आवडते. तेवढ्यावर चालेल ना?

रानवाटा
चालणार नाही. आपण थ्रॉटल वापरतो की नाही यावर नियम ठरत नाही, सायकल कोणत्या वर्गाची आहे यावर ठरतो. बार हार्बरमध्ये पहिल्या वर्गाच्या ई-बाईक भाड्याने मिळतात, त्यांच्यासाठी ती आजच राखून ठेवावी. आणखी एक: २०२६ पासून अकेडियासह ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेबाहेरून आलेल्या पाहुण्यांना, वार्षिक पास नसल्यास, नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. वडिलांच्या बाबतीत हा खर्च धरून ठेवावा.

नाशिककर_जर्सीत
थ्रॉटलचे आधी कळले असते तर ती सायकल मोटारीवर बांधण्याचा विचारही केला नसता. काल वडिलांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की भाड्याच्या सायकलला मागे कॅरिअर असेल का, कारण त्यांना नातवाचे रेनकोट आणि डबा स्वतःजवळ ठेवायचा आहे. ई-बाईक राखून ठेवली आहे आणि दुकानदाराने कॅरिअर लावून देण्याचे कबूल केले आहे. मुलाच्या सायकलला रुंद टायर बसवले. पहिल्या दिवशी ईगल लेक, दुसऱ्या दिवशी डे माउंटन, तिसऱ्या दिवशी वडील आणि पत्नी विश्रांती घेणार असल्यास मी एकटा स्कुडिक, असे ठरवले आहे. ईगल लेकला वाहनतळ मिळाला नाही तर काय करावे, एवढेच राहिले.

वाटसरू
बार हार्बरच्या व्हिलेज ग्रीनवरून उन्हाळ्यात ‘बायसिकल एक्स्प्रेस’ ही विनामूल्य बस सायकलींसह थेट ईगल लेकला सोडते. भाड्याची ई-बाईक जड असेल, म्हणून ती घेतील का हे आदल्या संध्याकाळी बसवाल्यांना विचारून ठेवावे. एकट्याने स्कुडिकला जाणार असाल तर तुमचे २८ मिलिमीटरचे टायरही बदलावेत. मुलाचे बदललेत, स्वतःचे राहिले आहेत.