मदत हवी आहे : १९४३ च्या रेशनकार्डावरचा सेलोटेपचा चिकटा कसा काढावा?

महायुद्धाच्या काळातल्या मुंबईतल्या घरगुती वस्तू मी जमवतो. भोकाचे पैसे, एआरपी (हवाई हल्ल्यापासून बचावाची यंत्रणा) वॉर्डनचा बिल्ला, असं काहीबाही. परवा आत्याच्या ट्रंकेत गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडाचं रेशनकार्ड सापडलं. मुंबईत रेशनिंग २ मे १९४३ ला सुरू झालं. कार्ड त्याच वर्षाचं आहे. माझ्यासाठी संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

कार्ड मधोमध घडीवर फाटलंय आणि कुणीतरी मागे-पुढे सेलोटेप लावलाय. हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन वरचं प्लॅस्टिक निघालं, पण खालचा पिवळा चिकटा कागदात मुरलाय. मऊ खोडरबराने थोडा सुटतो, मात्र अक्षरांजवळ कागदाचे तंतू उचलले जायला लागले, म्हणून थांबलो. ओला कापूस एका कोपऱ्यात टेकवला तर दुकानदाराचा जांभळा शिक्का लगेच पसरला. त्यामुळे पाणी बादच. पेट्रोल, थिनर अजून लावलेलं नाही. आजोबांचं नाव निळ्या शाईत आहे आणि चिकट्याचा एक पट्टा नेमका त्यावरूनच गेलाय.

लॅमिनेशन करायचं नाही, कृपया सुचवू नका. मी पुण्यात असतो, खर्च दोन-अडीच हजारांपर्यंत झेपेल.

शाई न फुटता हा चिकटा घरी काढता येईल असं द्रावण कुणी स्वतः वापरलंय का? की ते जोखमीचं आहे? तसं असेल तर पुण्या-मुंबईत एकच सुटा कागद दुरुस्तीला घेणारं कुणी माहीत आहे का?