आप्पांचं घड्याळ कुठे द्यायचं?

*रविवार*

मेधा, बी-३०४ (सकाळी ८:४०)
सोसायटीचा विषय नाही, माफ करा, पण डोकं फिरलंय. आप्पांचं ओमेगा तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वर्षश्राद्ध झाल्यावर मी ते वापरायला काढलं. पंधरा दिवस झाले, दिवसाला अकरा-बारा मिनिटं पुढे पळतंय. काल एका दुकानात दाखवलं. त्याने माझ्यासमोर कसल्याशा पक्कडीने मागचं झाकण फिरवायला घेतलं, पक्कड सटकली आणि हा ओरखडा पडला. (फोटो) वर मलाच म्हणतो, “डायल पिवळी पडलीय मॅडम, रंगवून देतो, नवीकोरी दिसेल.” घड्याळ उचललं आणि घरी आले. रात्रभर झोप नाही. आता कंपनीत द्यायचं, की कुणाच्या माहितीत चांगला घड्याळजी आहे?

जोशी काका, ए-१०२
कंपनीत द्या. पावती मिळते.

देशमुख काकू, ए-४०३
अगं बाई, केवढा ओरखडा! आप्पा ते घड्याळ काढल्याशिवाय भाजीची पिशवीसुद्धा उचलत नसत.

निखिल, बी-७०२
मेधाताई, डायल रंगवायला दिली नाहीत हे फार चांगलं केलंत. मुंबईत जुन्या एचएमटी आणि फाव्र-ल्यूबांच्या डायल अशाच रंगवून विकतात, लांबून चकाचक दिसतात. एकदा रंगवली की मूळ डायल कायमची गेली. आप्पांच्या डायलवर सहाच्या आकड्याखाली बघा, ‘टी स्विस मेड टी’ असं बारीक छापलेलं आहे का? काचेच्या बरोबर मध्यावर, तिरपं धरून भिंगातून, ओमेगाची खूण दिसते का?

मेधा, बी-३०४
थांब, भिंग शोधते.

पाटील, सेक्रेटरी
सर्वांना नमस्कार. मंगळवारी वरच्या टाकीची सफाई आहे. सकाळी १० ते ३ पाणी नाही. कृपया आदल्या रात्री भरून ठेवावे.

मेधा, बी-३०४
दिसली! काचेत अगदी टाचणीच्या टोकाएवढी खूण आहे. इतकी वर्षं घरात असून मला माहीतच नव्हतं. आणि ‘टी’ आहेत, दोन्ही बाजूंना.

निखिल, बी-७०२
म्हणजे काच ओमेगाचीच आहे आणि काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग ट्रिटियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा, ‘टी’ म्हणजे तेच. ट्रिटियमची चमक साधारण १२ वर्षांत निम्मी होते, म्हणून ते आता अंधारात चमकत नसणार. तो बिघाड नाही, वय आहे. कुणी ‘नवा रेडियम भरून देतो’ म्हणालं तर नको म्हणा.

जोशी काका, ए-१०२
हे सगळं कंपनीला कळतं. कंपनीत द्या. लेखी अंदाजपत्रक आणि पावती मिळते.

देशमुख काकू, ए-४०३
पावती आमच्याकडेही होती, काका.

देशमुख काकू, ए-४०३
ह्यांना निवृत्तीला मिळालेलं घड्याळ होतं. ब्रँडचं नाव घेत नाही. कंपनीच्या सेंटरला दिलं. परत आलं तेव्हा डायल नवी, काटे नवे आणि कडा पॉलिश करून गुळगुळीत केलेल्या. ह्यांच्या मनगटावर तीस वर्षं घासून पट्ट्याजवळ एक खळगा पडला होता, मी रोज पुसताना बोटाला लागायचा. तोही नाही. ह्यांनी दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवलं. म्हणाले, हे माझं नाही. पावतीवर मात्र सगळं बरोबर लिहिलेलं होतं.

फर्नांडिस अंकल, सी-५०१
काकू, वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजूही ऐका. माझं डायव्हर घड्याळ मी ओळखीतल्या एका कारागिराला दिलं होतं, पैसे वाचतील म्हणून. त्याने मशीन उत्तम साफ केलं. झाकणाचं पाणी अडवणारं रबरी गॅस्केट मात्र जुनंच बसवलं आणि पाणी शिरतं का ते बघायची प्रेशर टेस्ट केली नाही, कारण त्याच्याकडे यंत्रच नव्हतं. मालवणला पोहायला उतरलो, बाहेर येईपर्यंत काचेच्या आत धुकं. खाऱ्या पाण्याने दोन महिन्यांत आतले स्क्रू गंजले. पाण्यात वापरायचं घड्याळ असेल तर कंपनीतच द्या.

जोशी काका, ए-१०२
मी तेच म्हणतोय.

साठे, सी-२०३
आपल्या लिफ्टची सर्व्हिसिंगही कंपनीचीच आहे. सी विंगचे लोक जिने चढून फिट झालेत 😀

पाटील, सेक्रेटरी
साठे, लिफ्टचा विषय आधीच्या सभेत संपला आहे. बाहेरचा मेकॅनिक लावला आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची? सही माझी असते.

साठे, सी-२०३
जबाबदारी घेतात म्हणूनच वर्षाला एवढे पैसे देतो ना? मार्चपासून तीन वेळा बंद पडली. माझी आई ७८ वर्षांची आहे, साहेब.

पाटील, सेक्रेटरी
वैयक्तिक होऊ नये ही विनंती.

साठे, सी-२०३
*हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

अॅड. सुजाता, बी-१०१
दोघेही जरा थांबा. मेधा, सुट्या भागांचा मुद्दा लक्षात घे. ओमेगा स्वॉच ग्रुपची आहे, आणि २०१५ अखेर त्या ग्रुपने बाहेरच्या घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं बंद केलं. युरोपातल्या स्वतंत्र घड्याळजींच्या संघटनेने त्याच्या कितीतरी आधी, २००४ मध्येच, स्विस कंपन्यांविरुद्ध युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती. प्रकरण कोर्टात गेलं, एकदा निकाल घड्याळजींच्या बाजूने लागला, पण २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे कारागीर कितीही हुशार असला तरी अस्सल नवा भाग त्याच्या हातात येईलच असं नाही. मला हा अन्याय वाटतो. वस्तू विकत घेतली की ती दुरुस्त कुणाकडून करायची हे मालकाने ठरवावं.

जोशी काका, ए-१०२
म्हणजे अस्सल भाग फक्त कंपनीकडे. कंपनीत द्या.

निखिल, बी-७०२
काका, नव्या घड्याळासाठी तुमचं शंभर टक्के बरोबर. फर्नांडिस अंकलचं नवं ओमेगा सीमास्टर को-अॅक्सिअल आहे, म्हणजे त्यातल्या चाकांची गती आवरणारी रचना वेगळी आहे. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजीने शोधलेली ती रचना ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणली. तिचं तेल कुठे आणि किती, याचं वेगळं शिक्षण लागतं. ते कंपनीतच जावं, आणि वॉरंटी चालू असेल तर दुसरीकडे उघडूच नये. पण आप्पांचं घड्याळ १९६८ चं आहे. त्यातलं मशीन त्या काळातलं साधं, दणकट ऑटोमॅटिक. शिकलेल्या माणसाला ते पाठ असतं, आणि जुन्या मशीनमधून काढलेले अस्सल भाग मिळतात.

मेधा, बी-३०४
मी कंपनीच्या सेंटरला फोन केला होता. नीट बोलले. म्हणाले, उघडून पाहिल्यावर लेखी अंदाज देऊ, एवढं जुनं असेल तर स्वित्झर्लंडला बिएनच्या कारखान्यात पाठवावं लागू शकतं. वेळ लागेल. डायल बदलू नका, पॉलिश करू नका असं लिहून देता येतं, हेही सांगितलं. पण मला ते समुद्रापलीकडे पाठवायची भीती वाटते.

जोशी काका, ए-१०२
वेळ लागला तरी चालेल. कंपनीत द्या. आणि निखिल, तू घड्याळांचा एवढा अभ्यास करतोस त्यापेक्षा रात्री तुझ्या घरचा स्पीकर बंद ठेवायचा अभ्यास कर. काल पावणेबारापर्यंत भिंती थरथरत होत्या.

निखिल, बी-७०२
काका, तो माझा नव्हता. मी काल नाशिकला होतो.

मेधा, बी-३०४
काका, तो आमच्या ओमचा असेल. मी बोलते त्याला. खरंच सॉरी.

मेधा, बी-३०४
एक मिनिट. निखिल, स्पीकरने घड्याळाला काही होतं का? मी रात्री घड्याळ ओमच्या त्या ब्लूटूथ स्पीकरवरच ठेवते. पंधरा दिवसांपूर्वीच आणलाय तो.

निखिल, बी-७०२
ताई!!! स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ सुसाट पळतं. एकदम अकरा मिनिटं म्हणजे बहुतेक हेच. घरात होकायंत्र आहे का?

मेधा, बी-३०४
ओमच्या कंपासपेटीत नाही, पण ट्रेकच्या सॅकमध्ये आहे.

मेधा, बी-३०४
जवळ नेलं तर सुई गरकन फिरली 😳

निखिल, बी-७०२
संध्याकाळी घेऊन या. माझ्याकडे चुंबकत्व घालवायचं छोटं यंत्र आहे. झाकण उघडायचं नाही, घड्याळ फक्त त्यावरून हळूहळू लांब न्यायचं.

जोशी काका, ए-१०२
घरगुती प्रयोग आप्पांच्या घड्याळावर नकोत. मी पुन्हा एकदा सांगतो, कंपनीत द्या.

देशमुख काकू, ए-४०३
जोशी भावजी, मुलगा झाकण उघडत नाही म्हणतोय ना? तुम्हीही जा सोबत आणि बघा.

*रात्री ९:१५*

मेधा, बी-३०४
जोशी काकाही आले होते, सगळं उभं राहून बघितलं. निखिलने यंत्र लावलं, मग घड्याळ एका माइकवर ठेवून मोबाइलवर मोजलं. दिवसाला अकरा मिनिटांचं आलं अठरा सेकंदांवर.

निखिल, बी-७०२
पण काम संपलेलं नाही. पूर्ण किल्ली देऊनही आतल्या डोलणाऱ्या चक्राचा झोका १९८ अंशच भरतोय. निरोगी घड्याळाचा साधारण २७० च्या पुढे असतो. आतलं तेल सुकलंय. असंच वापरलं तर धातूवर धातू घासेल. सर्व्हिसिंग हवंच. माझं हे काम नाही, मी हौशी माणूस.

अॅड. सुजाता, बी-१०१
माझे सासरे जिथे जायचे ते फोर्टमधले घड्याळजी अजून काम करतात. मेधा, पत्ता खासगीत पाठवते. देण्याआधी इतकंच विचार: झाकण कशाने उघडणार, मशीन पूर्ण सुटं करून धुणार की नुसतं तेल सोडणार, आणि काम झाल्यावर मोजून दाखवणार का. जो चिडेल त्याला देऊ नकोस.

फर्नांडिस अंकल, सी-५०१
आणि हमी किती महिन्यांची ते विचार. ओमेगा सर्व्हिसवर दोन वर्षं देते. बाहेर सहा महिने जरी लेखी मिळाले तरी चांगलं.

जोशी काका, ए-१०२
पावती घ्या. कुणाकडेही द्या, पण पावती घ्या.

*गुरुवार*

मेधा, बी-३०४ (दुपारी १:५०)
आत्ता फोर्टमधून निघाले. आजोबा सत्तरीचे असतील. झाकणाच्या खाचांत बरोबर बसणारा साचा लावला आणि मनगटाच्या एका वळणात उघडलं. आत मशीन सगळं तांबूस, गुलाबीकडे झुकणारं, त्यावर ५६५ हा मशीनचा नंबर कोरलेला. म्हणाले, चाकांचे आस ज्यांत फिरतात ती माणकं धरून चोवीस माणकं आहेत, एकही तुटलेलं नाही. डायलला फक्त हवेचा फुगा मारणार, बोटही लावणार नाहीत. पॉलिश नाही. ओरखडा तसाच राहू दे म्हणाले, घासून काढला तर झाकण पातळ होईल. बदललेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत देणार. आणि स्पष्ट सांगितलं की काम चोख केलं तरी हे घड्याळ पावसात घालायचं नाही. हमी एक वर्ष. (पावतीचा फोटो)

जोशी काका, ए-१०२
पावती व्यवस्थित आहे. भागांची नोंद केली हे छान.

मेधा, बी-३०४
काका, अजून एक. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा आहेत. आजोबा म्हणाले, दुरुस्त करणारा आपली खूण आणि महिना टाकून ठेवतो. भिंगातून वाचून दाखवल्या. ७५, मग १२/८३, मग ९६. शेवटची २००९. तिन्ही जुन्या खुणा एकाच हाताच्या आहेत. (फोटो)

देशमुख काकू, ए-४०३
मोठं करून पाहिलं. केवढं नाजूक अक्षर आहे!

पाटील, सेक्रेटरी
मेधाताई, आनंद झाला. साठे, लिफ्टसाठी दुसऱ्या दोन एजन्सींचे दर मागवतो. आईंना सांगा.

साठे, सी-२०३
धन्यवाद साहेब. परवा जरा जास्त बोललो.

जोशी काका, ए-१०२
मेधा, ८३ चा डिसेंबर म्हणजे दादरचा घड्याळजी. गोदीतून सुटल्यावर आप्पा आणि मी गेलो होतो. दुकान जिन्याखाली, एका माणसापुरतं. आप्पा आत स्टुलावर बसले आणि मी तासभर फुटपाथवर उभा, कारण आप्पा घड्याळ ठेवून यायला तयार नव्हते. त्याने तेव्हा पावती दिली नव्हती. मी त्यावरून आप्पांशी भांडलोही होतो.

मेधा, बी-३०४
काका, पुढच्या शनिवारी घ्यायला जायचंय. याल माझ्याबरोबर?

जोशी काका, ए-१०२
येतो. १०:१२ ची पकडू.