देवळावरची कमळपट्टी लिनोत घेताना रेघा बुजतात, जोड जुळत नाही

लिनो_नवखी: नागपूरच्या महाल भागातल्या एका भोसलेकालीन देवळावरची दगडी कमळपट्टी फोटोवरून ट्रेस करून 10 सेंमीच्या चौकोनी लिनोवर (छापे काढायला कोरतात तो मऊ लिनोलियमचा तुकडा) कोरली. पाकळ्यांतल्या बारीक रेघा तिसऱ्या-चौथ्या छापाला बुजतात. चार छापे शेजारी ठेवले की वेल कडेला तुटते. वर सगळं फोटोच्या मळकट नकलेसारखं दिसतं. शाई पाण्याची, प्रेस नाही, शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून मागून चमच्याने घासते.

कोरणी_वाला: नक्कल वाटते कारण दगडात पाकळी दिसते ती सावलीमुळे. लिनोत खोली छापत नाही, फक्त काळं आणि कोरं. ट्रेस केलेली प्रत्येक रेघ कोरू नका. उजेड कुठल्या बाजूचा ते ठरवा, सावलीचा भाग काळा सोडा, बाकी उडवा. नऊ पाकळ्यांच्या पाच झाल्या तरी कमळ कमळच राहतं. छाप उलटा येतो, म्हणजे उजेडाची बाजूही उलटते, हे कोरण्याआधीच धरून चाला.

जोडासाठी: कागदावर 10 सेंमीचा चौकोन, नक्षी फक्त मधोमध. चौकोन उभा मधून कापा, डावा-उजवा तुकडा अदलाबदल करून मागून टेप लावा. बाहेरच्या कडा आता आत आल्या. त्या सांध्यावरून वेल काढा. मग आडवा कापून तेच. ब्लॉक (लिनोचा तुकडा) काटकोनात आहे का ते कर्ण मोजून बघा, दोन्ही 14.1 सेंमी यायला हवेत.

आणि वेल चारही कडांच्या बरोबर मध्यावरून, 5 सेंमीवर, बाहेर काढली तर ब्लॉक पाव-पाव फिरवूनही जुळतो. एका ब्लॉकमधून देवळावर नसलेल्या मांडण्या निघतात. खरी मजा तिथे आहे.

शाई_आणि_ऊन: भाऊने कोरणीचं सांगितलं, पण अर्धा दोष शाईचा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची शाई, ती पसरतो त्या काचेवरच सुकते, म्हणून माणूस जास्त लावतो, न् ती खोबणीत साचते. तेलाची घ्या. रोलर फिरवताना बारीक चरचर आली पाहिजे. चपचप आवाज म्हणजे शाई जास्त. उकाड्यात ती सैल पडली तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटा.

कोरी रेघ 1 मिमीपेक्षा बारीक नको. न कोरलेल्या उंच भागाच्या भिंती बाहेर उतरत्या ठेवा. खालून पोखरली की पाकळीचं टोक घासताना तुटतं. कागद 80 ते 120 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), जाड कागदावर चमच्याचा जोर पोचत नाही. छापे कूलरच्या झोतात वाळवू नका, कडा वळतात. ब्लॉक खायच्या तेलाने पुसायचा, मग साबणाचं फडकं.

लिनो_नवखी: समजलं. फोटोऐवजी देवळावरच कागद ठेवून रबिंग (वरून पेन्सिल घासून ठसा) घेतलं तर? आणि लिनोऐवजी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) चालेल?

कोरणी_वाला: रबिंग नको, जुन्या वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. सकाळच्या तिरप्या उन्हात समोरून फोटो घ्या, सावल्या आपोआप सापडतात. एमडीएफ मोठ्या सपाट आकारांना ठीक, वर शेलॅकचे (लाखेच्या वॉर्निशचे) दोन हात द्या. पाकळीच्या टोकांना मात्र भुसा सुटतो.