परिपाठ, फळा, दिनविशेष: तुमच्या डोक्यात काय पक्कं बसलं? सातारा-सांगलीकरांनी लिहा

शाळेत परिपाठाला दिनविशेष असायचा, वाचनालयाबाहेर फळा असायचा, आणि आता रोज सकाळी ग्रुपवर कुणी ना कुणी इतिहासाचा नाहीतर भाषेचा तुकडा टाकतंच. बरंचसं दुपारपर्यंत विसरायला होतं पण काही मात्र कायमचं राहतं. ते काय आणि का राहिलं, तेवढं सांगा. सुरुवात मीच करतो. मी साताऱ्यातला. ७ नोव्हेंबर माझ्या डोक्यातनं जात नाही, कारण १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, तीच आत्ताची प्रतापसिंह हायस्कूल, आणि रजिस्टरला नाव भिवा. २०१७ पासून राज्यभर हा विद्यार्थी दिवस पाळतात. राजवाड्यावरनं रोज ये-जा करणाऱ्या पोरांना एवढं माहीत असलंच पाहिजे, असं मला फार वाटतं.

*

जत तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. आमच्याकडं निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात आणि वर्गात मराठीला बिचकतात. म्हणून परिपाठात मी रोज एक शब्द घेते, दोन्हीकडं चालणारा. अक्का, अण्णा हे तर पोरांनीच सांगितले. अडकित्ता घेतला त्या दिवशी एका मुलीनं आजीचा पितळी अडकित्ता आणला, सगळ्यांसमोर सुपारी कातरून दाखवली आणि म्हणाली, बाई, अडिके म्हणजे सुपारीच की. एरवी ती पोरगी तोंड उघडत नाही! आता शब्द कुठला घ्यायचा ते तीच सुचवते.

*

मिरजकर. आमच्या गल्लीत तंतुवाद्यांची दुकानं, त्यामुळं सतार-तंबोऱ्याची माहिती पुस्तकातनं कधी शिकावी लागली नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं भोपळे येतात, ते वाळवून, कोरून त्याचा तुंबा होतो. पण खरं बघण्यासारखं काम जवारीचं. घोडीवर तार जिथं टेकते तो भाग अगदी हळू घासायचा, तार छेडायची, कान लावून ऐकायचं, परत घासायचं, तंबोरा असेल तर तारेखाली सुताचा धागा घालून तो मागं-पुढं सरकवायचा, आणि नाद भरून आला की तिथंच थांबायचं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी ग्रुपवर आलेला मेसेज मी चार जणांना मोठ्यानं वाचून दाखवला. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथंच मीरासाहेब दर्ग्यात आहे, हेही बाहेरच्यांना आवर्जून सांगा.

*

तासगाव. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. पुस्तकात सगळीकडं 'साताऱ्याचं प्रतिसरकार', म्हणजे इंग्रजांविरुद्ध लोकांनी चालवलेलं सरकार, आणि त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील तर येडेमच्छिंद्रचे म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातले, हे कसं काय ते बरेच दिवस जुळत नव्हतं. मग घरातल्या एका जुन्या कागदावर 'जिल्हा दक्षिण सातारा' दिसलं आणि उलगडा झाला. १९४९ ला साताऱ्यातनं दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे १९४२ च्या वेळी हा सगळा मुलूख साताराच. असं कारणासकट कळलं की पाठ करावं लागत नाही, आणि म्हणून नुसत्या तारखांच्या याद्या वाटणाऱ्यांना माझं सांगणं आहे, एक ओळ कारणाची पण टाका.

*

वाईहून एवढंच, की मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आमच्या गावात बसून उभं केलं, पहिला खंड १९७६ चा. आता तो मोबाईलवर फुकट वाचता येतो. तरी लोक 'आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात पहिलं ठरवलं' असली खोटी पोस्ट दरवर्षी फिरवतात, याचा मला मनापासून त्रास होतो. पुढं ढकलायच्या आधी दोन मिनिटं बघा ना राव.

*

सांगलीकर म्हणून ५ नोव्हेंबर! १८४३ ला सांगलीत विष्णुदास भावेंनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं तो दिवस. रंगभूमी दिन म्हटलं की बाकी काही सांगायलाच नको.

*

पाटण खोऱ्यातनं लिहितोय. आमच्या वाचनालयाचा फळा माझ्याकडं आहे. ११ डिसेंबरला मी लिहितो, '१९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप'. बाकीच्या दिवशी लोक वाचून पुढं जातात, त्या दिवशी म्हातारी माणसं थांबतात. कुणी सांगतं भिंत कुठल्या अंगाला पडली, कुणी सांगतं थंडीत उघड्यावर कसे दिवस काढले, कुणाच्या घरातली माणसं गेलेली. हे कुठल्याच दिनविशेषात नसतं आणि सांगणारी माणसंही आता कमी होत चाललीत. म्हणून त्या तारखेला मी वरची एकच ओळ लिहितो, खाली सगळा फळा मोकळा ठेवतो आणि खडू तिथंच ठेवतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं कॉलेजची पोरं लिहून घेतात, आणि पुसायच्या आधी मी वहीत उतरवतो.